डोहाचं वर्ष

आमच्या मोहल्ल्यात लग्नाचं वर्ष भटजी काढत नसे, तलाव काढत असे. नागभीडहून एस.टी.नं यायचं, फाट्यावर उतरायचं, धानाच्या बांध्यांमधून पाऊण तास चालायचं, की तलावाची पाळ लागे. पाळीखाली आमची, मासेमार ढिवरांची, सहा घरं. तलाव मोठा आणि जवळजवळ गोल. त्याच्या काठानं सहा खुंट रोवलेले होते आणि प्रत्येक खुंटाला नाव होतं. घाट, मग उंबर, मग डोह, मग सांडवा, मग बेशरम, मग चिखल, आणि चिखलानंतर फिरून घाट. एका खुंटापासून पुढच्या खुंटापर्यंतचं पाणी एका घराचं. तिथं दुसऱ्यानं जाळं टाकायचं नाही, टाकलं तर डोकी फुटत. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सहाही घरं एकेक खुंट पुढे सरकायची. घाटावरचं उंबरावर, उंबरावरचं डोहावर, चिखलावरचं घाटावर. याला आम्ही फेर म्हणत असू. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि माझ्या लहानपणी तो कधी चुकलाही नाही.

सहाही जागा सारख्या असत्या तर मला आज हे लिहायला बसावं लागलं नसतं. दिवाळीपर्यंत सगळीकडे पाणी, सगळीकडे मासळी, सगळे राजे. होळी झाली की तलाव आटू लागे. आधी चिखल उघडा पडे, मग बेशरमाची गुलाबी फुलं कोरड्यात उभी राहत, मग घाटाखालची जमीन भेगाळे. वैशाखात पाणी फक्त डोहात उरे आणि अख्ख्या तलावातली मरळ आणि वाम जीव वाचवायला त्याच्यात येऊन पडे. ज्याचा डोह त्याची मासळी. बाकीची पाच घरं त्या दोन महिन्यांत मजुरीला जात, तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात. म्हणून डोहाचं वर्ष आलं की त्या घरी लग्न निघे, छपराची कवेलू बदलत, आजारी माणसाला चंद्रपूरला नेत. सहा वर्षांतून एकदा. 'थांब थोडा, डोह येऊ दे,' हे वाक्य मी लहानपणी देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल.

आमच्या घरात माया होती, पण ती तोंडानं चांगली निघत नसे. माय डोक्यावर टोपली घेऊन नागभीडच्या बाजाराला जायची आणि संध्याकाळी परत आली की जेवलीस का असं विचारायच्या ऐवजी 'मेली नाईस ना उपाशी?' म्हणायची. अंबाडीच्या भाजीत झिंगे टाकून ती जे करायची, त्याची चव मी पुढं कुठल्याच शहरात पाहिली नाही, पण ते वाढतानाही ती शिव्या देत असे. बाबा दिवसभर ओसरीवर जाळं विणत बसत. बांबूच्या सुईचा तो सर्र-टक, सर्र-टक आवाज थांबला की आम्ही पोरं सावध होत असू, कारण सुई थांबली म्हणजे हात मोकळा झाला. बाबांचा हात जड होता. मला मात्र ते मारत नसत. 'ही शिकणार हाये,' ते लोकांना सांगत. त्यात कौतुक किती आणि पुढंमागं नोकरीवाली लेक कामाला येईल हा हिशेब किती, ते मला तेव्हाही कळत होतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून मोठ्या मायचं घर. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, मी पाचवीत असताना तापानं गेले. मागं राहिली मोठी माय आणि तिची एकुलती एक शेवंता, माझ्याच वयाची. दोघी मायलेकी स्वतः जाळं फेकायच्या. बाई जाळं फेकते म्हणून पाळीवर बसलेले बाप्ये दात काढत. 'वहिनी, लुगडं सांभाळ, मासोळ्या लाजून राह्यल्या!' असं काहीबाही. मीही हसले आहे त्या हसण्यात, खोटं कशाला बोलू? शेवंतानं पाचवीतच शाळा सोडली. ती माझं दप्तर न्याहाळायची, पण मागायची नाही. मी चंद्रपूरला जायला निघाले तेव्हा तिनं पावडरच्या जुन्या डब्यात सुकट भरून दिली. 'होस्टेलात तुले वरण-भात गिळत नसन,' म्हणाली.

त्या डब्यानंच माझं नाव पडलं. होस्टेलच्या पोरींनी नाक दाबून तो खिडकीतून फेकला आणि दोन दिवसांत ती गोष्ट गणित विभागापर्यंत पोचली. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आम्ही मोजून अकरा जण होतो. ग्रुप थिअरी शिकवणारे सर हुशार होते, आणि त्यांच्या हुशारीला रोज काही तरी चावायला लागे. मी मराठीतून शिकलेली, वहीत फाइनाइट ग्रुपच्या पुढं सांत गट, आयडेंटिटीच्या पुढं अविकारक असं लिहून ठेवायची. सरांनी एकदा वही उचलून वर्गाला वाचून दाखवली. 'अविकारक! म्हणजे ज्याला कुठंही मिळवा, कोणाचं काही बदलत नाही. अगदी आपल्या या बाईंसारखं. असली काय, नसली काय.' मग रुमाल नाकाला लावून म्हणाले, 'फक्त वासानं कळतं.' वर्ग हसला. पुढची दोन वर्षं मला मंदा म्हणून कोणी हाक मारली नाही, अविकारक म्हणूनच मारली.

पण त्याच माणसानं मला ते दाखवलं जे मी जन्मभर विसरले नाही. एक दिवस त्यांनी सहा जणांना गोल उभं केलं. शून्य, एक, दोन, तीन, चार, पाच. एका पोराला शून्यापासून सुरुवात करून एकेक पाऊल चालायला लावलं. तो प्रत्येकापाशी थांबला आणि परत शून्यावर आला. 'एक हा जनक. त्याच्या पावलानं सगळा गट जन्माला येतो,' सर म्हणाले. 'आता दोन-दोन.' पोरगा शून्यावरून दोनवर गेला, चारवर गेला, शून्यावर आला. मी एकवर उभी होते. तो माझ्यावरून उडी मारून गेला. सर म्हणाले, 'चालत राहा.' तो चालत राहिला. परत माझ्यावरून, परत माझ्यावरून. वीस फेऱ्या झाल्या असतील. 'हजार वेळा फिरला तरी या तिघांना शिवणार नाही. हे शून्य, दोन, चार म्हणजे उपगट. फेरी लवकर पुरी होते म्हणून मूर्खांना वाटतं, सगळीकडे जाऊन आलो.' ज्यांना तो शिवला ते तिघं बसले. उरलेल्या आम्हा तिघांना सरांनी तास संपेपर्यंत तसंच उभं ठेवलं, समजावं म्हणून. मला पाय दुखल्याचं आठवत नाही. मला तलाव दिसत होता.

आज मीही हा धडा तसाच शिकवते. सहा पोरं गोल उभी करते. माझ्याबद्दल पोरं म्हणतात, बाई खडूस आहेत. म्हणू देत. उरलेल्या तिघांना मी बसवते, एवढाच फरक. कधी कधी तेवढाही करत नाही.

पहिलं वर्ष संपून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले तर बाबांची सुई थांबलेली. त्या वर्षी आम्ही घाटावर होतो. मोठी माय आमच्या पुढं, उंबरावर. तलाव फाल्गुनातच आटला होता आणि डोहावर सोमाजीभाऊंचं घर मासळी ओढत होतं. सोमाजीभाऊ सहा घरांतले वडीलधारे, जाडे आणि गोड बोलणारे. बाबा मला म्हणाले, 'यंदा पुरं कर तुहं कालेज. दुसरं वर्ष होत नाई आपल्याच्यानं. डोह दोन पोळे दूर हाये. तवरोक घरी राह्य. एखादं स्थळ आलं तं पाहू.' माय चुलीपाशी बसून म्हणाली, 'शिकून कोनते दिवे लावले इनं?'  मला भीती वाटली. अकरा जणांत माझा नंबर दुसरा होता. आणि मी इथं जाळ्याला गाठी मारत, कुठल्या तरी मासळीवाल्याच्या नावाचं कुंकू लावायचं.

आणि बाजूच्या घरात त्याच वेळी लगीनघाई. मोठ्या मायचा डोह येत्या पोळ्याला. शेवंतासाठी मुलगा ठरला होता, मार्कंडा गावाकडला, नदीवर डोंगा चालवणारा. शेवंतानं त्याला जत्रेत पाहिलं होतं आणि त्याच्याबद्दल बोलताना ती तोंडावर पदर घ्यायची. पोळ्याला डोह हाती यायचा, उन्हाळ्यात मासळी निघायची, वैशाखात लग्न. 'तू येशील ना, मंदे? का तिकडेच राह्यशील परीक्षा देत?' ती विचारायची. मी येईन म्हणायचे आणि मनात जळायचे. तिला जायला वाट होती. माझी वाट बंद झाली होती, आणि मधे फक्त एक खुंट होता.

तो खुंट मी ओलांडला. कोणी माझ्याकडून करवलं नाही, कोणी फूस दिली नाही. तेव्हा सहा घरांत एकच कुरकुर होती, सहा वर्षं लय होतात म्हणून. एका दुपारी मी ओसरीवर बाबांसमोर जाळ्याचे सहा मातीचे गोटे गोल मांडले. 'बाबा, हा आपला घाट. एकेक सरकलो तं डोह दोन वर्षानं. पन सगळे दोन-दोन सरकले तं?' मी गोटा उचलून घाटावरून सरळ डोहावर ठेवला. बाबा बघत राहिले. मग त्यांनी बोटानं उंबराचा गोटा दाखवला. 'अन् हे?' मी तो उचलला, डोहावरून पलीकडे सांडव्यावर ठेवला. मग चिखलावर. मग परत उंबरावर. मग परत सांडव्यावर. बाबांनी विचारलं, 'डोहावर कधी येते?' 'येत नाई.' 'कधीच?' 'कधीच नाई, बाबा.' बाबांनी बाजूच्या भिंतीकडे पाहिलं. सख्ख्या मेलेल्या भावाचं घर. मग त्यांनी सुई उचलली आणि म्हणाले, 'उचल थे गोटे. कोनी पाह्यन.'

मी मान वर केली तर शेवंता कुडाच्या फटीपाशी उभी, हातात ताकाचा गंज. 'काय खेळून राह्यली वं?' म्हणाली. मी म्हणाले, 'काही नाई. अभ्यास.' ती हसली. 'गोट्याचा अभ्यास! बरं हाये बाप्पा तुमचं.' गंज ठेवून ती गेली. ताक आम्ही प्यालो. चांगलं आंबट होतं.

बैठक पाळीवर झाली, उंबराच्या सावलीत. बाबांनी मांडलं ते माझंच वाक्य. 'सहा वर्ष वाट पाहाची काई गरज नाई. माह्या पोरीनं तोड काढली. दोन-दोन खुंट सरकू. तीन वर्षात फेर पुरा.' सगळ्यांची तोंडं उजळली. सोमाजीभाऊंनी मांडीवर थाप मारली. 'वा रे वा! सहाचे तीन! शिकल्या माणसाचं डोस्कंच वेगळं.' ते स्वतः डोहावर होते, म्हणजे त्यांचं घर तीन वर्षांनी पुन्हा डोहावर येणार होतं. त्यांना गणित येत नव्हतं, तरी नशीब त्यांचंच हुशार. फेर पुरा म्हणजे सहाही जागा फिरून आलो असंच आमच्याकडे धरत, कारण तोवर दुसऱ्या तऱ्हेचा फेर कोणी पाहिलाच नव्हता. या एका शब्दात सहाच्या सहा घरं अडकली. मी अडकवली. सांडव्यावरच्या आणि चिखलावरच्या घरांचाही डोह मी त्याच दिवशी बुडवला, आणि त्यांचा तर मी विचारसुद्धा केला नव्हता.

एकट्या मोठ्या मायला काही तरी खुपलं. ती बायकांतून उठून पुढं आली. 'पन भाऊजी, माहा डोह तं ह्याच पोळ्याले येते ना? शेवंताचं ठरवून बसली मी.' बाबा म्हणाले, 'तीन वर्षात फेर पुरा होते म्हनलं ना, वहिनी. थोडं मांगं-पुढं होईन. साऱ्याच्या भल्याचं हाये.' कोणी तरी ओरडलं, 'बाईले काय समजते फेरातलं!' हशा झाला. तिनं त्या हसणाऱ्यांकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे वळली. 'मंदे, तू सांग. तुह्या बाबाचं मले समजत नाई. खरं हाये का हे?'

सगळे माझ्याकडे पाहत होते. मला वर्गातली ती जागा आठवली, एकची. तो पोरगा माझ्यावरून जातो आहे, सर हसत आहेत. ते कसं वाटतं हे त्या पाळीवर फक्त मला ठाऊक होतं. मी म्हणाले, 'हो, मोठी माय. तीन वर्षात फेर पुरा होते.'

मी खोटं बोलले नाही. या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं झोपले आहे. शब्दाशब्दानं खरं होतं ते, सिद्ध करून दाखवता येईल इतकं खरं. मोठी माय म्हणाली, 'झालं तं मंग. पोरगी म्हनते तं झालं. तीन वर्षात काय शेवंता म्हतारी होते?' आणि सगळ्यांसमोर तिनं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं कडकडा मोडली. 'आमच्या मंदीचं गनित कदीच चुकत नाई.' पुढं हे ती बाजारात, एस.टी.त, ज्याला त्याला सांगत फिरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे सरकले. आमचं घर डोहावर आलं. येत्या उन्हाळ्याच्या मासळीवर बाबांनी पैसे उसने काढले, मी चंद्रपूरला परत गेले, दुसरं वर्ष पुरं केलं, पहिली आले. सरांनी निकालाच्या दिवशी सुद्धा अविकारक म्हणूनच हाक मारली, पण मी मनात म्हटलं, माझ्यामुळे कोणाचं काही बदलत नाही काय? एकदा तलावावर येऊन पाहा. त्या वेळी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. हे लिहिताना हात अडतो, पण तो वाटला होता.

मार्कंड्याकडच्या मुलानं दोन पोळे वाट पाहिली. मग त्याच्या घरच्यांनी निरोप धाडला की आमचाही पोरगा म्हातारा होऊन राह्यला. तिसऱ्या वर्षी शेवंताला आलापल्लीकडे दिलं. लाकडाच्या डेपोवर कामाला असलेला बिजवर, चाळिशीचा, दोन पोरांचा. त्यांनी काही मागितलं नाही आणि इकडून काही देणंही झालं नाही. पाच माणसं आली आणि हार घालून घेऊन गेली. मंडप नाही, वाजा नाही, गावजेवण नाही. माय सांगत होती, जाताना शेवंता रडली सुद्धा नाही, तलावाकडे तोंड करून उभी होती. मी गेले नव्हते. मला तेव्हा कॉलेजात नुकतीच नोकरी लागली होती. परीक्षा आहेत म्हणून कळवलं. खरंच होत्या.

पुढं काही वर्षांनी तलावाचा ठेका बाहेरच्या माणसाला गेला, त्यानं खुंट उपटले आणि फेरच संपला. तोवर मोठ्या मायच्या वाट्याला डोह आला नाही. पण हे मी आधी सांगून टाकते आहे ते एका कारणानं. त्याच्या आधी मोठी माय चंद्रपूरला माझ्या खोलीवर आली होती. ते सांगायचं मी इतका वेळ टाळते आहे.

शेवंताच्या लग्नानंतरच्या पोळ्याला चार दिवस होते. मी साडी नेसून तासाची तयारी करत होते आणि दारात मोठी माय, हातात कापडी पिशवी. आयुष्यात पहिल्यांदा एकटी चंद्रपूरला आलेली, पत्ता विचारत विचारत. वाळली होती. मी चहा ठेवला. तिनं पिशवीतून सुकटीची पुडी काढून टेबलावर ठेवली आणि मग पदराची गाठ सोडली. गाठीत सहा चिंचोके होते. एकाला कुंकू लावलेलं.

'पाह्य,' म्हणाली आणि माझ्या पाठाच्या वहीवर तिनं ते गोल मांडले. 'हा घाट. हा उंबर. हा डोह.' कुंकवाचा चिंचोका तिनं उंबरावरून उचलला, सांडव्यावर ठेवला. मग चिखलावर. मग उंबरावर. दमादमानं, जुनं बोट, प्रत्येक वेळी जागेचं नाव घेत. 'म्या सारा उन्हाळा फिरवून पाह्यला. वाटलं माहंच चुकून राह्यलं. बैठकीत दाखवलं तं हासले सारे. म्हनले, पोरगी यमयस्सी हाये, तू आंगठेवाली, तुले जास्त समजते का?' मग तिनं चिंचोक्यावरून बोट उचललं. 'मी भांडाले नाई आली, बाई. मले येकच सांग. तुले ठावं होतं का नोहोतं?'

स्टोव्हवर चहा उकळत होता. मला दोन उत्तरं होती. ठाऊक होतं म्हटलं तर मी कोण ठरते ते मला दिसत होतं. नव्हतं म्हटलं तर माझं गणित कच्चं ठरत होतं. मी गणित दिलं. 'नोहोतं, मोठी माय. चुकलंच माह्यं. लक्षातच आलं नाई.'

तिनं माझ्याकडे पाहिलं. 'बरं,' म्हणाली. 'मंग चल. पोळ्याले ये अन् पाळीवर सांग सहा घराले. तुहं आयकतीन थे.'

'मोठी माय, आत्ता कशी येऊ? चाचण्या आहेत पोरांच्या. दिवाळीत पाहू.'

'दिवाळीत,' ती म्हणाली. तिनं चहा बशीत ओतून सावकाश पिऊन संपवला. मग पदरानं तोंड पुसून, अगदी साध्या आवाजात, जसं बाजाराचा भाव सांगावा तसं बोलली. 'शेवंता अखाडीच्या सणाले माहेरी आली होती. म्या हे चिंचोके तिले दाखवले. तं म्हने, माय, मले थ्याच दिवशी ठावं होतं. मंदीनं काकाले गोटे मांडून दाखवले, थे म्या कुडातून पाह्यलं अन् आयकलं. म्या तिले लय मारलं, मंदे. लग्न झालेल्या पोरीले मारलं. म्हनलं, बोलली काऊन नाईस? तं म्हने, मंदीचं कालेज बंद पडत होतं. दोघीतली येक तं जाऊ दे.'

  म्हणजे ती घरून निघतानाच सगळं जाणून निघाली होती. मी काय म्हणते तेवढंच पाहायला ती एवढ्या लांब आली, आणि मी काय म्हणाले ते तिनं पाहिलं. मोठी माय वहीवरचे चिंचोके वेचू लागली. पाच पदरात बांधले. कुंकवाचा तसाच राहू दिला.

'हा राहू दे तुह्यापाशी,' ती उठत म्हणाली. 'याले तिकडे जागा नाई.'

तिला स्टँडपर्यंत सोडायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं. अकराला माझा तास होता. मी वेळेवर पोचले.